गठ्ठ्यातला कागद

पाच वाजून चार मिनिटं झाली होती. सून कॉम्प्युटरकडं बघत म्हणाली, "प्रवेशाचं बंद झालं गं. घेत न्हाय आता." समोर उभी असलेली मुलगी रडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी हातातले कागद उगाच सारखे करत बसले.

बारामतीत स्टँडजवळ सुनेचं सेवा केंद्र आहे. दाखले, शेतीचे अर्ज, कॉलेजचे प्रवेश, सगळं तिथं ऑनलाइन भरतात. सून कॉम्प्युटर शिकलेली. मी चौथी पास. मी दारात बसून लोकांचे कागद घेते आणि नंबर देते.

सुनेची पद्धत मला पटत नव्हती. एकाचा ओटीपी येईपर्यंत ती दुसऱ्याचा फोटो चढवायची, मधेच तिसऱ्याचा दाखला छापायची. मी म्हणाले, "अशानं एकाचं तरी पुरं हुतंय का?"

"आत्या, हा कॉम्प्युटर पण आतून असंच करतो," ती म्हणाली. "सगळ्यांचं थोडं थोडं. न्हायतर एक गठ्ठा संपवून मग दुसरा. गठ्ठ्यानं काम लवकर उरकतं, पण ज्याचं दोन मिनिटांचं हाय तो बी ताटकळतो."

"ताटकळू दे. मी सगळ्या भाकरी थापून मगच चूल सोडते."

मी हट्टच धरला. आधी सगळ्यांचं स्कॅन, मग सगळ्यांचे फॉर्म भरायचे, मग सगळ्यांचे पाठवायचे. आठवडाभर काम खरंच लवकर उरकलं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते.

त्या दिवशी आमच्या भावकीतले एक तात्या अख्ख्या आळीचे शेतीचे अर्ज घेऊन आले. कागद ठेवत म्हणाले, "वहिनी, तुमचं आता हापिसच झालं की. शिपाई कुठाय?"

"शिपाई मीच. बसा गप."

त्यांच्यामागं ती मुलगी आली. इंदापूरकडच्या गावातली. तिच्या गावात लाइट नव्हती म्हणून सकाळीच एसटीनं निघालेली. नर्सिंगच्या प्रवेशाला जातीचा दाखला जोडायचा राहिला होता. एकच कागद.

"आजी, माझं पाचला बंद होतंय. तेवढा एकच पाठवायचाय."

"सगळ्यांनाच घाई हाय. नंबर घे."

तिचा कागद मी तात्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. साडेअकराला तो स्कॅन झाला आणि तसाच पडून राहिला. कारण पाठवणं शेवटी होतं. ती बाकड्यावर बसून होती. चहा दिला तर घेतला नाही. चार वाजता तिनं परत विचारलं. मी म्हणाले, "येतोय नंबर."

त्याच सुमारास सुनेनं मान वर न करता विचारलं, "आत्या, कुणाचं घाईचं हाय का?"

मला माहीत होतं. पण तो एक कागद वर काढला असता, तर माझी पद्धत चुकली असं झालं असतं. तात्याही समोर बसलेले. मी म्हणाले, "न्हाय. चालू दे तुझं."

मुलगी तेव्हा बाहेर नळावर पाणी प्यायला गेली होती.

पाच वाजल्यानंतर सुनेनं मला विचारलं, "आत्या, हिनं तुमाला सांगितलं नव्हतं का?"

"न्हाय," मी म्हणाले. त्या मुलीसमोरच म्हणाले.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं होतं, आजी. दोनदा." मग कागद पिशवीत घालून ती स्टँडकडं गेली. तात्या चप्पल शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून सून परत तिच्या पद्धतीनं काम करायला लागली. मोठे गठ्ठे ती दुपारी गर्दी नसताना घेते.

त्या मुलीच्या गावचा एक जण पुढं दाखल्यासाठी आला होता. त्याच्याकडून कळलं की तिला प्रवेश मिळाला नाही, ती डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. मी त्याचा कागद घेतला आणि नंबर दिला.

मी अजून दारात बसते. वर्ष तिचं गेलं.