सोडून दिलेली मरळ

माझा जावई मासे धरतो. आता त्याला धरणं म्हणावं का न्हाई, ह्याचा फैसला तुमीच करा.

माणूस वाईट न्हाई. पुण्यात कंप्युटरवर नोकरी, बोलणं गोड, माझ्या लेकीला जीव लावतो, एवढं सगळं कबूल. पण सुट्टी मिळाली की गाडी काढून कोकणात जातो. तिथं खाडी समुद्राला मिळते, आन् ओहोटी लागली की पाणी गुडघ्याएवढं उरतं म्हणे. त्या उथळ पाण्यात समुद्राचे मासे चरायला येतात. असे भित्रे, की माणसाची सावली पडली तरी पसार. म्हणून हा तिथं बगळ्यासारखा उभा राहणार. गळाला गांडूळ न्हाई, कणकेची गोळी न्हाई. कोंबडीचं पीस आन् रंगीत दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी! ती लांब दोरीनं आसूड फिरवावा तशी हवेत फिरवायची आन् माशाच्या तोंडापुढं अलगद टाकायची.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी कौतुकानं विचारलं, "दिवसभरात किती घावतात?"

"कधी कधी एकही नाही, आई. मागच्या वर्षी मात्र एक फार मोठा लागला होता."

"मग? कालवण केलं का तळला?"

"सोडला. आम्ही सोडूनच देतो. खायचा नसतो तो."

आमचे हे तंबाखू मळत बसले होते, त्यांचा हात थांबला. मागं गोठ्यात येऊन मला म्हणले, "मंजी कापूस येचायचा आन् परत बोंडात भरायचा."

मला भुकेपोटी मासा मारणारा माणूस समजतो. माळ घातलेला, मासळीच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूसही समजतो. पण पोट भरलेल्या माणसानं माशाच्या जबड्यात गळ अडकवायचा, त्याला दमवायचं, फोटो काढायचा आन् 'जा बाबा' म्हणायचं, ह्याला काय म्हणावं? लेक म्हणायची, "आई, तुला न्हाई कळत, तो खेळ आहे." लहानपणी तिनं मांजरीच्या पिलासंगं असा खेळ केला असता तर पाठीत धपाटा बसला असता माझा.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लेकीला चौथा महिना. पहिलंच बाळंतपण, आन् पोटात अन्न ठरत न्हाई. पाणी प्यायली तरी उलटी. पुण्याहून घेऊन आले तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईनं दोनदा सलाईन लावलं आन् सांगितलं, "आता तोंडानं काही गेलं न्हाई तर भरती करावं लागेल." मी वरणाचं पाणी केलं, ताकातल्या कण्या केल्या, भाजलेल्या पापडाचा चुरा केला. सगळं तोंडापाशी नेलं की मान फिरवायची.

आन् एका सकाळी, डोळे मिटूनच म्हणली, "आई, मरळ खावीशी वाटून राहिली."

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, देवच बोलला. मरळ म्हणजे आमच्या धरणातली मासळी, एकच काटा, मऊ, आजाऱ्याला ताकद देणारी. मी ह्यांना म्हणलं, "उठा, मासळी धरणाऱ्या भोयांची नाव गेली नसंल अजून, धावत जावा." हे चप्पल घालत होते तेवढ्यात जावई खोलीतून बाहेर आला. शनिवार होता, रात्रीच पोचला होता.

"बाबा, थांबा. मी आणतो. तिचे डोहाळे मीच पुरवायला पाहिजेत ना?"

आता जावयाला न्हाई कसं म्हणायचं? आमच्यात त्याची रीत न्हाई. जावई पाटावर बसला म्हणजे सासरा पायरीवर. हे चप्पल काढून परत बसले. आन् लेक, माझी भोळी लेक, उशीवरून हसली. म्हणली, "आणू दे गं त्याला."

आमचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, गाळ उघडा पडतो, त्या गाळावर आमी काकडी-टरबूज लावतो. त्याच्या पुढं लांबवर पोटरीएवढं निवळ पाणी. जावयानं ते बघितलं आन् असा खूश झाला, जणू सासऱ्यानं आंदण दिलं.

"आई, अगदी खाडीसारखं आहे हो हे!"

"असंल," मी म्हणलं. "मासळी आणा म्हणजे झालं."

मी काकड्या तोडायच्या निमित्तानं संगं गेले होते. पिशवी घेतली होती मासळीसाठी. घरी लेक म्हणली होती, मसाला मी भाजते. किती दिवसांनी तिला खोबऱ्याचा वास सहन झाला होता.

जावयानं डोक्याला टोपी, डोळ्याला काळा चष्मा, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलं. पहिला आसूड मागच्या बोरीत अडकला. तो काढायला काटे टोचून घेतले. मग पाण्यात शिरला आन् उभा राहिला. ऊन चढलं. काठानं बगळे येऊन खाऊन गेले. माझी काकडी तोडून झाली, ओळीतलं गवत काढून झालं. मी हाक मारली, "जावईबापू, भोई अजून बाजारात असतील, काय?"

त्यानं मागं न बघता तळहात हलवला. गप राहा म्हणून. मला! मासळी बिथरते म्हणे माझ्या आवाजानं.

आन् मग खरंच लागली की हो! दोरी ताणली, काठी वाकली, पाणी उसळलं. खोटं का सांगू, मीही लुगडं खोचून पाण्यात धावले. "जाऊ देऊ नका! ओढा, ओढा!" तो एकदा सोडतो, एकदा ओढतो, मागं सरकतो. शेवटी गुडघ्यावर बसला आन् दोन्ही हातांनी उचलली. काळी, चकाकती, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत भरेल एवढी मरळ! माझ्या डोळ्याला पाणी आलं. तुकडे दिसायला लागले मला, ताटात पडलेले.

"आई, फोटो! पटकन, पाण्याबाहेर त्रास होतो तिला."

मी फोन घेतला, दाबला. पिशवीचं तोंड उघडलं आन् पुढं झाले.

ह्या गृहस्थानं काय करावं? मरळ पाण्यात टेकवली. तोंडातला गळ अलगद काढला, लेकराला न्हाऊ घालावं तशी मागंपुढं हलवली, तिला दम येऊ दिला, आन् हात उघडले.

एक शेपटी हलली. गढूळ झालं. संपलं.

मी उघडी पिशवी धरून उभी. तो हसून वर बघत होता. मग त्याचं लक्ष पिशवीकडं गेलं. आपल्या रिकाम्या हातांकडं गेलं. तोंडाचा रंग उतरला.

"आई... सवय. हात आपोआप..."

शिवी तोंडात आली होती, ती गिळली. घराकडं निघाले. मागून पाण्यात फचफच करत तो येऊन राहिला.

लेक चुलीपुढं बसली होती. चुलीवर रस्सा उकळत होता, फक्त तुकडे सोडायचे बाकी. कपाळावर घाम, पण चेहरा फुललेला. "आणली?"

"तुमी सांगा," मी जावयाला म्हणलं. "म्या न्हाई सांगणार."

त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं, लपवलं न्हाई, एवढं म्हणीन. लेक ऐकत राहिली. जी पोरगी तीन वर्षं मला 'खेळ आहे गं' म्हणून समजावत होती, ती हळूच म्हणली, "तिला दम येऊ दिला तू. आन् मला?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

लेकीनं परडीतली भाकर ओढली, कुस्करली, वर तो बिनमासळीचा रस्सा ओतला आन् रागारागानं खाऊ लागली. एकेक घास असा, की जणू कोणाशी भांडून राहिली. मी श्वास धरून बसले, आता उलटते का मग उलटते. न्हाई उलटली. ताटली पुसून खाल्ली.

जावई दारातच उभा. बारीक आवाजात म्हणला, "मलाही भूक लागलीय."

"तुझं जेवण पाण्यात सोडलंस ना तू," लेक म्हणली.

मला हसू आवरेना, पदर तोंडात धरला. जावई उपाशी ठेवायची आमच्यात रीत न्हाई, म्हणून मीच वाढलं. पण कांदा आन् कोरडी भाकर. रस्सा लेकीसाठी झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी हे भोयांच्या नावेवर गेले आन् कोणाला न विचारता मरळ घेऊन आले. जेवायला सगळे बसलो. लेकीच्या ताटात मी मधले तुकडे घातले. जावयानं आपल्या वाटीतला तुकडा उलटा केला, सुलटा केला, निरखून बघितला.

"माझी याच्यापेक्षा मोठी होती," तो म्हणला.

लेकीनं काटा बाजूला ठेवला आन् ताट पुढं करून म्हणली, "आई, अजून अर्धी भाकर वाढ."