लाह्यांच्या ज्वारीचा पत्ता

माझी काकू तलमडुगूच्या अलीकडे एका खेड्यात राहते. मी आदिलाबादला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गेल्या उन्हाळ्यात ती सकाळच्या बसने आली, पिशवी दारातच ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "तुह्याजवळ कंप्युटर हाय नं? मले एक पोरगी शोधून दे."

ही पोरगी म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठातून आलेली एक विद्यार्थिनी. ती महिनाभर काकूच्या घरी राहिली होती. वावरात जाऊन ज्वारीच्या कणसांना कागदी टोप्या घालायची, टेपने ताटांची उंची मोजायची, वहीत लिहायची. गाव हसायचं, काकू दुखऱ्या गुडघ्यानं चुलीपाशी बसून तिला भाकरी वाढायची. जाताना तिनं काकूकडून वाटीभर बी मागून नेलं होतं.

ती ज्वारी लाह्यांची. काकूच्या सासूनं राखलेली, नंतर काकूनं. नागपंचमीला आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा टोपलं भरून लाह्या असायच्या आणि तळाला एकही टणक दाणा सापडायचा नाही. मग लागोपाठ दोन वर्षं कापणीच्या तोंडावर पाऊस आला. कणसं काळी पडली, ठेवलेलं बी उगवलं नाही. काकूनं आजूबाजूच्या गावांत विचारलं, पण सगळीकडे कापूस. बाजारची ज्वारी भाजून पाहिली, अर्धी फुटली नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलं बी आणखी एका माणसाजवळ गेलेलं आहे.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"नाव कुठं आठवते! मी तिले बेटा म्हणो, ती मले अम्मा म्हणे."

मी विद्यापीठाची वेबसाइट उघडली. तिथं माणसं शोधायला डिरेक्टरी होती, आणि तिचा पहिलाच चौकोन नावाचा. मी काकूला म्हटलं, "नावाशिवाय नाही सापडायची."

"नाव नाई तं कामावरून पाह्य."

मी जन्मभर लोकांना विषयावरून पुस्तकं काढून दिली आहेत, पण हे मला सुचलं नव्हतं. कणसाला टोपी म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग लागू नये म्हणून केलेली सोय, हे पुस्तकांतून मला ठाऊक होतं. म्हणून पिकांच्या पैदाशीचा विभाग उघडला. नाव, हुद्दा, फोन आणि शेजारी लहानसा फोटो, अशी यादी. काकूनं चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"ही नाई. ही बी नाई. हिचं कपाळ मोठं हाय."

"वीस वर्षांत माणूस बदलतो, काकू."

"दात नाई बदलत. तिचा समोरचा दात दुसऱ्या दातावर चढला होता." मग वैतागून म्हणाली, "हे सारे तोंड मिटून काऊन बसले?"

मी विभागातल्या चौघांना ईमेल पाठवली. दोन परत आल्या, दोघांचं उत्तर नाही. काकू चार दिवस माझ्याकडेच थांबली होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "चिठ्ठ्या कायले लिहून राह्यली? नंबर हाय नं तिथं." आणि यादीतला पहिला नंबर तिनं स्वतःच लावला.

फोन एका प्राध्यापकांनी उचलला. मी असते तर आधी माफी मागितली असती, मग ओळख दिली असती. काकूनं तेलुगूत सरळ सुरुवात केली: गाव कोणतं, वावर कसं, टोप्या कशा, दात कसा. ते मिरचीवर काम करणारे, त्यांचा ज्वारीशी काही संबंध नव्हता. तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्या फोन करतो म्हणाले. करणार नाहीत असं मला वाटलं. काकूला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. ते स्वतः ग्रंथालयात गेले होते. आमच्या भागातल्या ज्वारीवरचे जुने प्रबंध काढले, त्यातून नाव मिळालं. ती आता विद्यापीठाच्याच दुसऱ्या जिल्ह्यातल्या संशोधन केंद्रावर होती. डिरेक्टरीत तिचं पान वेगळ्या विभागात होतं, लग्नानंतरच्या नावानं. मी ते उघडलं. फोटोच्या जागी नुसता राखाडी आकार.

नंबर मी लावला आणि फोन काकूच्या हातात दिला. तिनं एवढंच म्हटलं, "बेटा, तलमडुगूकडची अम्मा बोलतो. ज्वारीवाली."

पलीकडून त्या बाईंचा आवाज मला बाजूलाही ऐकू आला, "अम्मा! गुडघा कसा आहे?"

काकूनं पदर डोळ्यांना लावला, पण आवाज पक्का ठेवला. "गुडघ्याचं मंग सांगतो. माही ज्वारी हाय का?"

होती. थंड खोलीत ठेवलेली होती. ठरावीक वर्षांनी पेरून बी नवं करून घेतलेलं होतं. "पाकिटावर तुमचं नाव आहे, अम्मा. तुमचं आणि गावाचं."

"माह्या नावानं?" काकूनं विचारलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "माह्या नावानं हाय?"

अर्ज करावा लागला. मी लिहिला, काकूनं खाली मराठीत सही केली. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. मोठा चमचाही भरला नसता एवढेच दाणे. मला वाईट वाटलं. काकूनं ताटात दाणे पसरले आणि बोटानं तीन वाटे केले. एक तिचा. एक बाजारहत्नूरच्या नणंदेसाठी. एक काचेच्या बरणीत, माझ्या घरी.

"एकाच घरात ठुलं म्हणून गेलं," ती म्हणाली. "थ्या पोरीनं नेलं नसतं तं?"

मृगात पेरलं. बाजारहत्नूरला पोपटांनी सगळी कणसं खाल्ली. काकूनं मात्र परसात दोनच ओळी लावल्या होत्या आणि दाणा भरू लागल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ तिथंच खाट टाकून बसली. पाऊस वेळेत उघडला. कणसं पांढरी राहिली.

कापणीला बाई आल्या. केस पिकलेले, चष्मा जाड. हसल्या तेव्हा तो दात दिसला. दोघी ओळींमधून चालत तेलुगूत इतक्या भराभर बोलत होत्या की माझ्या हाती अर्धंच लागत होतं. नंतर खाटेवर बसून बाईंनी नवा फॉर्म काढला आणि विचारत गेल्या: जमीन कशी, पेरणी कधी, ताट किती उंच. मग काकूनं न विचारता सांगितलं, की लाह्यांसाठी दाणे आधी गरम पाण्यातून काढायचे, फडक्यात बांधून रातभर ठेवायचे, आणि ओल पुरती जायच्या आत भाजायचे.

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. बाईंनी कागद उलटा केला आणि म्हणाल्या, "परत सांगा, अम्मा. हळू."