पुंजाचं ढेकूळ

दिंडोरीकडच्या आमच्या भागात पुंजाइतकी बारीक माती कोणी करत नाही, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा तो पुंजा स्वतः. वीस वर्षं तो ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून द्राक्षबागांतली ढेकळं फोडत आला. "रवा करून देतो, रवा! लाडू वळा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बागेत गवताची काडी दिसली तरी त्याला चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटायचं.

मी नाशिकमधल्या एका प्रयोगशाळेत माती तपासते. शेतकरी पिशवीतून माती आणतात, मी त्यातली खनिजं मोजते आणि कमी-जास्त कागदावर लिहून देते. या कामाचा मला जरा गर्वच होता. तो लंकाबाईंच्या बागेनं उतरवला.

नवऱ्यामागं लंकाबाईंनी दीड एकर द्राक्षबाग एकटीनं सांभाळली होती. तीन वर्षं बागेची पानं पिवळी पडत होती. माझा अहवाल दर वेळी सांगे, पोटॅश भरपूर, मॅग्नेशियम पुरेसं. पानं पिवळी म्हणजे मॅग्नेशियम कमी, असं सगळे सांगत म्हणून त्या तरीही ते टाकत राहिल्या आणि पानं पिवळी होतच राहिली. शेवटी कंटाळून त्यांनी बाग काढायचं ठरवलं. झाडं ओढायला बोलावलं पुंजाला. बारा वर्षं त्या बागेत फवारणीही त्याच्याच ट्रॅक्टरनं व्हायची.

पुढं काय लावावं हे ठरवायला मातीचा नमुना हवा होता, म्हणून त्या सकाळी मीही तिथं होते. लंकाबाई बांधावर पाठ फिरवून बसल्या होत्या. पुंजानं पहिल्या खोडाला साखळी बांधून ट्रॅक्टर पुढं घेतला. बारा वर्षांचं झाड, पण मुळा उपटावा तसं सहज वर आलं. मुळं वीतभर खाली जाऊन तिथून आडवी वळली होती.

पुंजानं इंजिन बंद केलं. पहार आणून दोन ओळींमधल्या, ट्रॅक्टरचं चाक जायच्या पट्ट्यात मारली. वीतभर जाऊन ती टणकन थांबली. मग तो विहिरीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथली चार झाडं कायम हिरवी असत. पाइप गळतो म्हणून, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नसे. तिथं पहार हातभर आत गेली.

त्याचा चेहरा मला पाहवेना. गप्प राहून त्यानं पुढच्या खोडाला साखळी बांधली असती, तर दुपारपर्यंत बाग गेली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. तो बांधावर गेला.

"मावशी, बाग काढू नको. मातीत खायला लय हाय, पण मुळी खाली जातच नाय. वर रोटर मारून मी पीठ केलं, खाली चाकानं दाबून फरशी केली. रोग येईल म्हणून फवारायला ओल्या रानात, माती सुकून वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घातला. हे माझ्या हातचं हाय."

लंकाबाई वळल्या आणि बागेकडे तोंड करून बसल्या.

"बोलवत तर मीच होते तुला," त्या म्हणाल्या. "दोन पावसाळे देते. नाय सुधारली तर तूच काढायची. साखळी माझ्या ओट्यावर ठेव."

मी चाकाच्या पट्ट्यातलं एक वाळकं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकून दाखवलं. बघता बघता त्याचा गाळ झाला. पाऊस पडला की ही माती अशीच बसते आणि मग घट्ट होते. माझ्या अहवालात हे लिहायला रकाना नव्हता, आणि तो नाही हे इतक्या वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. फार लाज वाटली.

त्यानंतर पुंजाचा ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा राहू लागला. फवारणीचा लांब पाइप खांद्यावर घेऊन तो ओळीओळीतून चालायचा. मुळांनी माती बांधून धरावी म्हणून मधल्या जागेत ताग पेरला, फुलावर येताच कापून तिथंच पसरला. गवत दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. लंकाबाई ओरडायच्या, "राहू दे ते! आधी तुझी दाढी कर." गाव हसलं. पण रोटर मारायला बोलावणाऱ्यांनाही आता तो आधी पहार मारून खालची फरशी दाखवायचा, आणि त्याची निम्मी कामं गेली.

यंदा दुसरा पावसाळा सरला. छाटणीनंतर आलेली पानं हिरवी होती, पण पुंजाचा पानांवर भरवसा नव्हता. त्यानं चाकाच्या जुन्या पट्ट्यातलं ढेकूळ आठवडाभर सावलीत वाळवलं, रुमालात बांधून लंकाबाईंच्या ओट्यावर आणलं, आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

ढेकूळ ग्लासात सोडलं. चार-दोन बुडबुडे आले. जन्मभर ढेकळं फोडत आलेला हा माणूस एक ढेकूळ फुटू नये म्हणून हात जोडून बसला होता. चहा आला, गार झाला, तरी पाणी नितळच होतं आणि ढेकूळ तळाशी अख्खं.

लंकाबाई उठल्या. ओट्याच्या कोपऱ्यात दोन वर्षं पडलेली, गंज चढलेली साखळी त्यांनी ओढत आणून पुंजाच्या पायाशी टाकली.

"ही घेऊन जा तुझी," त्या म्हणाल्या. "झाडताना अडचण होते."