दुपारी लाल होणारा दिवा

वायरीचा माझा सोल्डरचा जोड पक्का होता. हे मी घसा सुकेपर्यंत सांगितलं, कुणी मानलं नाही. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतंय! कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये घड्याळं आणि भोंगे दुरुस्तीला येतात, आणि प्रत्येकाच्या मागून एकेक किस्सा येतो. लोक ऐकून हसतात. मला आता नुसता थकवा येतो. ह्या एका घड्याळाचेच किती झाले बघा.

*

साताऱ्याच्या एका शाळेचं भिंतीवरचं मोठं घड्याळ आलं. आत हिरवा बोर्ड. हा उपग्रहाकडून रेडिओवर वेळ घेतो, एवढंच शाळेच्या शिपायाला माहीत. सोबत कागद नाही, कंपनीचं नाव नाही, चिपवरचे नंबरसुद्धा घासून काढलेले. वायरी बऱ्याच, आणि सगळ्या काळ्या.

आमचे इंजिनिअर विनायकसर सकाळपासून मीटर लावून बसले. करंटची वायर कोणती तेवढं कळलं आणि जेवायची सुट्टी झाली.

शेजारच्या टेबलावरची शमीम म्हणाली, "बनवणाऱ्यानं घरात भांडून बनवलाय ह्यो. कुणाला काय सांगायचंच न्हाई."

*

मी वायरी जोडल्या, सरांनी खटपट केली, एकदाचे आकडे उमटले. पण वेळ साडेपाच तास मागं. साहेब, म्हणजे आमचे मालक, वैतागले. सरांनी समजावलं, बोर्ड लंडनची वेळ सांगतो, आपण साडेपाच तास मिळवायचे.

"चालायचंच साहेब," शमीम म्हणाली. "नवी सून बी म्हैनाभर माहेरच्याच वेळेनं उठती."

*

पत्र्याखाली बोर्डाला रेंज टिकेना. अँटेना म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. सर ती हातात उंच धरून वर्कशॉपभर गोल गोल फिरत होते. टेम्पोवाला दारात थबकला.

"मावशी, सरांच्या अंगात आलंय का?"

"व्हय. जा, नारळ आण," शमीम म्हणाली.

शेवटी डबी ऑफिसच्या स्लॅबवर ठेवली, मी जोड देऊन लांब केलेली वायर खाली सोडली. बोर्डावरचा दिवा हिरवा झाला. वेळ मिळतेय, अशी ती खूण.

*

आणि माझ्या मागं पिरपिर लागली. सकाळी दिवा हिरवा, दुपारी लाल, संध्याकाळी परत हिरवा. सरांनी निदान केलं, "उन्हानं तापून ताईंचा जोड सुटतोय."

मी जोड उकलून नवा केला. दुपारी लाल. परत केला. लाल.

साहेब म्हणाले, "मंगलताई, डोळं थकलं तुमचं. सोमवारपास्नं पॅकिंगला बसा."

सोल्डरिंगचं टेबल मी ह्या बाप्यांच्या रांगेत भांडून मिळवलंय, खोक्यांना पट्ट्या चिकटवायला नाही.

"साहेब, जोड सुटला असंल तर हात तोडून दीन."

"हात ऱ्हाऊ द्या. पॅकिंगला लागतील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा लाल झाला तशी मी उठले. ती डबीच उपटून आणते म्हणून भर उन्हात जिना चढले. मागून साहेब आणि सर. शमीमला दिव्यापाशी बसवलं.

वर आक्का, म्हणजे साहेबांच्या आई, धोतरावर कुरडया वाळत घालून राखण करत होत्या. डबी कुठं दिसेना. डबीच्या जागी स्टीलची परात पालथी.

"ही कुणी झाकली?" साहेबांनी विचारलं.

"मीच की. गरीब डबी उन्हात भाजत हुती. ऊन चढलं की झाकती, कुरडया उचलताना काढती."

सरांनी परात उचलली. थोड्या वेळानं खालून शमीमचा आवाज आला, "हिरवा झाला!"

मी कमरेवर हात ठेवले. "आता बोला साहेब. चूक कुणाची?"

साहेबांनी आईकडं बघितलं. आक्कांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी सरांच्या हातातली परात घेतली, फिरवली, काठावर कोरलेलं, लग्नात ती आहेर देणाऱ्याचं नाव वाचलं आणि जिन्याकडं वळले.

"तुमचं टेबल तुमालाच, ताई. ह्यो सगळा घोळ कुणी घातला म्हाईत हाय का? कडेगावच्या वसंतमामानं."