गाऱ्हाण्याचं पद

खरं सांगा, तुम्ही शेवटचं जेव्हा तिकीट काढून गाणं ऐकलंत, त्या गाण्यात तुमच्या घरातलं काही होतं का? नसणारच. राजा असेल, चांदणं असेल, राणीचा विरह असेल. तुमच्या नळाला चार दिवस पाणी नाही, हे कोण कशाला सुरात म्हणेल?

शिवम्मा म्हणायची. म्हणून तिच्यावर लिहितोय.

शिवम्मा दुधनीची. आधी कंपनी तिच्या आईची, निंगव्वाची. त्याआधी निंगव्वाच्या सासूची. कंपनी म्हणजे नऊ माणसं, एक तंबू, एक पेटी आणि एकच खेळ. लक्कव्वा नावाच्या सुनेला सासू बूड नसलेली घागर देते आणि विहिरीवर पाठवते, एवढीच गोष्ट. ती चालते तीन तास, कारण साधं बोलणं त्यात जवळजवळ नाहीच. भांडण पदात, समजूत पदात, मरणसुद्धा पदात. अक्कलकोटकडं पदं कानडी, माढ्याकडं मराठी, सोलापुरात अर्धी-अर्धी.

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक वही घेऊन आले. म्हणाले, "बाई, युरोपात याला ऑपेरा म्हणतात. तिथंही सगळं गाऊन सांगतात. माणूस मरतानासुद्धा गातो."

"आमच्यात मेल्यावर बी गाती," शिवम्मा म्हणाली. "तीन पदं म्हनून मग उठती. पेटीवाला दमतो, मेलेली दमत न्हाय."

प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. हसले नाहीत.

कंपनी चालवायची तिची रीत तिचीच. काम आवाजावर मिळायचं, वयावर नाही. बावन्न वर्षांची शिवम्मा सोळा वर्षांची लक्कव्वा करायची आणि सव्वीस वर्षांची सुंदरम्मा तिची सासू. कुणी हसलंच तर म्हणायची, "सासू खर्जात पायजे. वय काय गातंय व्हय?" ज्याचा घसा बसेल त्याला सुट्टी नाही, त्यानं त्या दिवशी भाला घेऊन मुक्या शिपायाचं काम करायचं. तिचा नवरा असाच महिनाभर भाला धरून उभा राहिला आणि मग गुलबर्ग्याला सिनेमाच्या मशीनवर लागला. "तितं बी उबाच हाय म्हनं," ती सांगायची.

पण खेळाचा जीव होता गाऱ्हाण्याच्या पदात. विहिरीच्या काठावर लक्कव्वा बसते आणि विहिरीला आपली दुःखं सांगते. ही दुःखं लक्कव्वाची नसत. कंपनी ज्या गावात उतरेल तिथं शिवम्मा सकाळी रिकामी घागर घेऊन नळावर रांगेत बसायची. पाणी नको असायचं, बायका हव्या असायच्या. कुणाचा मुकादम कसा बोलतो, विडी कारखान्यात छाट, म्हणजे खराब माल, म्हणून चांगल्या विड्या कशा काढून घेतात, रेशनची साखर कुठं जाते, सगळं ऐकायची. आणि त्याच दुपारी चार वाजता, मिलची पहिली पाळी सुटली की, तेच सुरात बसवून म्हणायची. नाव कुणाचं घ्यायची नाही. तरी एकदा एक गडी मधेच उठून तंबूबाहेर गेला. त्याची बायको मात्र शेवटपर्यंत पाय पसरून बसली होती.

आता शहात्तरचं साल आठवा. आणीबाणी. भिंतीसुद्धा हळू बोलायच्या. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तंबू टाकायचा तर मुंबईच्या ऑफिसातून खेळ लेखी मंजूर होऊन आला पाहिजे, असं निघालं. शिवम्माला लिहिता येत नाही. तिचा भाऊ ईरप्पा, तो पेटीवाला, त्याला फक्त कानडी येतं. म्हणून फॉर्म भरायला मी, तिच्या तंबूत रोज जाणारा; मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

लेखकाचं नाव? "लिव, आईची सासू." तिचं नाव? "ते कुनी घेत न्हवतं."

भाषा एकच लिहायची होती. मी मराठी लिहिली आणि ईरप्पा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आठ दिवस लिहीत होतो. पेटी वाजल्याशिवाय तिला शब्द आठवेनात. पेटी वाजली की ती इतकी गाणार की माझा हात मागं पडणार. गाऱ्हाण्यापाशी तर गाडी रुतलीच.

"तम्मा, जानेवारीतल्या बायकांचं गाऱ्हानं आक्टोबरात कसं लिवू?"

"मागच्या वर्षीची सांग."

"ती शिळी झाली की."

शेवटी बारा शिळी गाऱ्हाणी लिहून पाठवली. जत्रेतल्या पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी खेळ मंजूर होऊन आला, शिक्का मारून. बाराही गाऱ्हाण्यांवर तांबड्या शाईची रेघ आणि प्रत्येकाच्या बाजूला एकच शेरा: हा भाग वगळावा. मधलं धृपद तेवढं शिल्लक राहिलं होतं. पत्रात बजावलं होतं की मंजूर कागदाबाहेर एक शब्द गेला तर परवानगी रद्द आणि तंबू खाली.

माझं डोकं फिरलं. कागद फाडायलाच निघालो होतो. इकडं सकाळीच नळावरच्या बायका तिला म्हणाल्या होत्या, "शिवम्मा, आमचं आज म्हणनार न्हवं?" आणि ती "व्हय" म्हणून बसली होती.

"फाडू नकोस," ती म्हणाली. "वाच. शाईचं बी वाच."

दोनदा वाचलं. तिला तेवढं पुरलं.

चार वाजता पहिल्या रांगेत खुर्ची टाकून तपासणीचे साहेब बसले, मांडीवर मंजूर प्रत, बोट ओळीवर. मागं बायका खचाखच. पद आलं. ईरप्पानं सूर धरला.

"ऐक गं विहिरीबाई, सांगू मी कुणाला..."

बायका पुढं सरकल्या. शिवम्मानं डोळे मिटले आणि त्याच चालीत उचललं,

"हा भाग वगळावाऽऽ..."

पुन्हा धृपद, पुन्हा तेच, आता रडक्या सुरात. तिसऱ्या वेळी एक विडीवाली फिसकन हसली. पाचव्या वेळी शिवम्मा धृपदावर थांबली आणि उत्तर बायकांनीच दिलं, चारशे गळ्यांनी. आठव्या वेळी तर 'वगळावा'वर अशी तान घेतली की तबलजी वाजवायचं विसरला.

साहेब उठले. "बाई, हे काय चाललंय?"

शिवम्मानं स्टेजवरूनच हात जोडले. "तुमच्याच कागदावर हाय की, साहेब. बारांदा हाय. माजी अजून चार ऱ्हायलीत."

साहेबांनी पानं उलटली. होतं. सहीसकट होतं. ते खाली बसले. मागून कुणी तरी ओरडलं, "साहेब, वन्स मोअर द्या की!"

परवानगी टिकली. तंबू पंधरा दिवस भरून वाहिला. इथंच थांबलो तर तुम्ही खूश होऊन घरी जाल, म्हणून थांबत नाही.

आज एकोणऐंशी साल आहे. आणीबाणी गेली. मांडीवर कागद घेऊन कुणी बसत नाही. शिवम्मा जत्रेत अजून नळावर जाऊन बसते. बायका तिला ओळखतात, हसतात, जागा देतात. आणि म्हणतात, "शिवम्मा, ते वगळावाचं म्हणा बरं का!" गाऱ्हाणं एक सांगत नाहीत. छाट तशीच निघते, नळ तसाच कोरडा. पण सगळ्यांना हवंय ते साहेबांचं पद. प्राध्यापकांनी तर लेखच छापलाय, की हे पद या परंपरेतलं सर्वांत जुनं असावं.

यंदाच्या जानेवारीत तिनं ते म्हणायचं नाकारलं. एकटीनं तीन गाऱ्हाणी जुळवून गायली. लोकांनी पाय आपटले. शेवटी तिला वगळावाचं म्हणावंच लागलं, तेही तीनदा. नंतर तंबूमागं लुगड्यानं तोंडाचा रंग पुसत मला म्हणाली, "तम्मा, त्या सायबानं एकदाच वगळलं. ह्या रोज वगळत्यात. पुढल्या खेपेला बी काय न्हाय मिळालं तर गाऱ्हान्याचं पदच काढून टाकते."

ती बोलते तसं करते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा सोलापूरच्या बायांनो, पुढच्या जत्रेत नळाच्या रांगेत रिकामी घागर घेऊन बसलेली म्हातारी दिसली तर तिच्याकडं काही मागू नका. तिच्या शेजारी बसा आणि तुमचं एक खरं गाऱ्हाणं तिला सांगा. नवरा जवळपास असेल तर जरा मोठ्यानं सांगा.