दूध कळकत नाही

सासरी माझ्या दुधाबद्दल मी सोडून सगळ्यांना मत होतं. शेजारच्या मामी म्हणत, पातळ आहे. सासरे म्हणत, होईल सगळं ठीक, आणि पेपर तोंडापुढे धरत. सासूबाई म्हणत, दूध नव्हेच ते, जहर आहे. घरात चालायचं ते हेच शेवटचं मत.

घर इंदूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. सासऱ्यांचे वडील दरबारात साधे कारकून, पण घरातलं बोलणं ऐकून वाटावं, संस्थान तेच चालवत होते. राजधानी भोपाळला जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी सासऱ्यांचं सुतक फिटलं नव्हतं. पोराचं सुतक मात्र लवकर फिटलं.

तो माझा पहिला. गुटगुटीत होता. काही महिने मी अंगावर पाजलं, मग वरचं दूध सुरू झालं. वर्षाचा व्हायच्या सुमारास तो सारखा किरकिर करू लागला. हातपाय काडीसारखे, आणि पोट तेवढं वाढत चाललेलं. तुकोगंजातल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लिव्हर जिथे संपतं तिथे पेनानं रेघ ओढली. दर खेपेला रेघ खाली सरकायची. शेवटी डोळे पिवळे झाले आणि तो गेला. भेटायला आलेल्या बायकांसमोर सासूबाई म्हणाल्या, “हिनं पाजलं, तेच भोवलं त्याला.” बायकांनी माझ्या छातीकडे पाहिलं. एकीनंही नजर वळवली नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मुलगी झाली, तेव्हा तिला माझ्याजवळ येऊच दिलं नाही. दूध आटावं म्हणून माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं ठेवून वर धडपं आवळून बांधलं. पलीकडच्या खोलीत ती भुकेनं रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची. मोगरा मला आजही घरात चालत नाही.

पहिल्याच्या वेळेसारखंच तिचं दूध सासूबाई स्वतः तापवत, त्यांच्या लग्नातल्या पितळी पातेल्यात. ते पातेलं त्या रोज चिंच आणि राख लावून आतून-बाहेरून असं घासत की सोन्याचं वाटावं. बाकीच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई व्हायची, याला कधीच नाही. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, हिरवट पडतं, खाल्लं तर मळमळतं. हे आमच्यात पोरीला परकर नेसायच्या वयातच शिकवतात. पण दूध कळकत नाही. “दुधाला कशाला हवी कल्हई? दूध काय आंबट असतं?” असं सासूबाई म्हणत आणि मलाही ते पटत असे. दिवसभर मंद निखाऱ्यावर दूध त्यातच राही, आटून पिवळसर होई, मग सराफ्यातून आणलेल्या चांदीच्या बोंडल्यानं पोरीच्या तोंडात जाई. गल्लीत त्यांच्या मायेचं कौतुक होतं. माया होतीच, मी नाही म्हणत नाही.

वर्षाच्या आत तिचंही पोट फुगलं.

या वेळी माझ्या दुधाचा एक थेंबही तिच्या पोटात गेलेला नव्हता. मला वाटलं, आता तरी कोणी काही बोलेल. सासूबाई म्हणाल्या, “पोटात असतानाच रक्त बिघडवलं असेल हिनं.”

मोठ्या दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर मुलांच्या लिव्हरवर संशोधन करत होते. त्यांनी बरगडीखाली सुई घालून तिच्या लिव्हरचा तुकडा काढला. चार जणांनी तिला दाबून धरलं होतं, त्यातली एक मी. काही आठवड्यांनी ते आमच्या घरी आले. शहरातली अशी मुलं असलेली घरं पाहत ते फिरत होते.

“माँजी, दूध कशात गरम करता?” त्यांनी विचारलं.

“ये देखो ना, डॉक्टरसाहेब,” सासूबाईंनी अभिमानानं पातेलं पुढे केलं. “आजकालच्या पोरींसारखं अल्युमिनियम-फल्युमिनियम नाही आमच्याकडे.”

त्यांनी आतून बोट फिरवलं. “कल्हई नाही?”

“दूध कळकत नाही, बेटा.”

त्यांनी पातेलं परत दिलं. मी पोरीला कडेवर घेऊन दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, “या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं सापडतंय. भांड्यातून जात असावं. अजून पक्कं नाही, सिद्ध व्हायला वेळ लागेल. पण पुढच्याला तुम्ही स्वतःचंच दूध द्या.”

“आणि हिला?” मी विचारलं.

ते बूट घालायला वाकले.

मी स्टीलचं पातेलं आणलं. त्यात तापवलेलं दूध सासूबाईंनी मोरीत ओतलं. “कालचा डॉक्टर मला शिकवणार, काय?” पोर तर माझ्या हातून पीतच नव्हती, तिला आजीच लागायची. आजीच्याच मांडीवर, आजीच्याच हातचं पीत ती गेली.

तिसरा झाला तेव्हा सुईण त्याला पुसत होती तोवर मी हात पुढे केले. सासूबाई फुलं घेऊन आल्या होत्या. मी सांगितलं, याला कोणी उचललं तर हात मोडीन. आमचे हे गप्प बसले. ते नेहमीच गप्प बसत, पण त्या दिवशी त्यांचं गप्प बसणं माझ्या कामी आलं. गल्ली म्हणाली, तिसऱ्यालाही खाणार ही बाई.

तो दोन वर्षांचा होऊन गेला तरी मी त्याला पाजत होते. एका दुपारी तेच डॉक्टर आले, त्याचं पोट नीट चाचपलं आणि म्हणाले, लिव्हर अगदी चांगलं आहे. ओसरीवरून सासूबाई ऐकत होत्या. डॉक्टर गेल्यावर मी पोराला घेऊन तिथेच बसले, मुद्दाम पदर न घेता. पाहू दे तिला, जहर कसं पचतं ते.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे पण दोन गेले होते. तुझ्या नवऱ्याच्या आधी. पोट फुगून.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“सासूनं माझ्या दुधाचंच नाव घेतलं. मलाही तेच वाटत राहिलं,” त्या म्हणाल्या. “हा झाला तेव्हा मी टायफॉइडनं पडले होते, मग बहिणीनं ह्याला सांवेरला नेलं. तिच्या अंगावर प्यायला हा. वरचं दूध तर तिच्याकडे मातीच्या मडक्यात असायचं.” त्यांनी आत चुलीकडे पाहिलं. “सूनबाई, म्हणजे माझे दोघेसुद्धा… ह्या पातेल्यानंच का?”

डॉक्टर म्हणाले होते, अजून पक्कं नाही. तेवढंच सांगितलं असतं तरी म्हातारीला रात्री डोळा लागला असता.

“हो आई,” मी म्हटलं. “चौघंही.”

मी पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.