खरवडलेला रकाना

माझा दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. अक्षर चुकलं तर त्यावर नुसता रंग फासायचा नाही. वरच्या खिशातलं अर्धं ब्लेड काढून खालचा पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, मग पुन्हा लिहायचा. म्हणायचा, "दडपलेलं अक्षर पावसाळ्यात वर येतं गं."

साठीनंतर त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. वर्षभर अंगावर काढला. दवाखान्याचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. काम करता करता मध्येच मागे वळून बघायचा, कुणी हाक मारल्यासारखा. मला वाटलं, कॅन्सरला भितोय. शेवटी वहिनीनं आणि मी त्याला धरूनच नेलं.

बाकावर दादा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. त्यानं फॉर्म न वाचताच माझ्याकडे सरकवला म्हणून मी भरायला घेतला.

"अक्षरं काढतेस की मुंग्या सोडतेस?" दादा म्हणाला. वहिनी हसली.

एका रकान्यात विचारलं होतं, पूर्वी कधी गुप्तरोग झाला होता का? मलाच लाज वाटली. त्याला न विचारता 'नाही' लिहून मोकळी झाले. माझा दादा तो!

सहीसाठी दादानं फॉर्म हातात घेतला आणि तो त्या रकान्याकडे बघतच राहिला. मग खिशातून ब्लेड काढून माझं 'नाही' खरवडायला लागला. हलक्या हातानं, कागद न फाडता. त्या जागी त्यानं पाटीवरच्यासारखं वळणदार लिहिलं, 'होय'.

"हे काय?" वहिनीनं विचारलं.

"लग्नाआधी परगावी कामाला होतो, तेव्हाचं. बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यातच सोडल्या."

"आणि लग्नानंतर?"

"पुन्हा उठलं. तुला सांगितलं नाही."

वहिनीला मूल झालं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती ओटीपोट धरून बसायची. आईनं तिला वांझ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. दादा तेव्हा दारातच पाटी रंगवत होता.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. "अशा जुन्या संसर्गाचा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी थोडा संबंध काही अभ्यासांत दिसलाय. पण त्यानंच होतो, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. तपासू या."

"आणि बाईला मूल होत नाही, ते?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. "ते त्यानं होऊ शकतं," म्हणाले.

तपासणीत कॅन्सर निघाला. पसरला नव्हता, एवढी देवाची कृपा. आता वहिनी त्याला रोज किरणोपचाराला नेते. एकही गोळी चुकवू देत नाही. पण बाकावर बसताना दोघांच्या मध्ये एक पोर बसेल एवढी जागा सोडते. परवा मीही गेले होते. एक बाई तिथं टेकायला आली, तर वहिनी शांतपणे म्हणाली, "इथं बसलंय कुणीतरी."

त्या जागेवर टेकलेला आपला हात दादानं हळूच उचलून घेतला.